नागपूरच्या कन्नड बाई

शुभंकरच्या नागपूरच्या शाळेत एक कन्नड बाई होत्या, हे आसावरीला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं. तेही त्याने तिला सांगितलं नव्हतं. घरी जेवायला बोलावलेल्या त्याच्या साहेबांना तो सांगत होता आणि ती शेजारी उभी राहून कोशिंबीर वाढत होती.

गोष्ट चांगली होती. तिसरीतला मुलगा, मधली सुट्टी, डबा उघडतो तर आत काही नाही, कारण आधीच्या तासालाच बाकाखाली डोकं घालून त्याने सगळं संपवलेलं. तेवढ्यात नव्या कन्नड बाई शेजारून जातात, रिकामा डबा बघतात, गालावर हात ठेवतात आणि म्हणतात, "अय्यो, पाप." कन्नडमध्ये पाप म्हणजे बिचारा. पण मुलाला एकच पाप ठाऊक, देवळातल्या चित्रातलं, उकळत्या तेलाच्या कढईवालं. बाईंनी आपल्याला ओळखलं असं वाटून तो त्यांचा पदर धरतो आणि भडाभडा कबुली देतो. आजोबांच्या कपाटातली चिक्की आपण चोरली. एकदा नाही, तीनदा. बाईंना मराठीचा एक शब्द कळत नाही. त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत राहतात, "पाप, पाप." आणि दर वेळी मुलगा आणखी एक गुन्हा शोधून काढतो.

साहेबांना ठसका लागला. आसावरीने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं, स्वतःही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की ही गोष्ट आपली आहे.

आपली म्हणजे अगदी स्वतःची. १९८७ च्या जूनमध्ये बँकेने तिच्या वडिलांची नाशिकहून बंगळुरूला बदली केली. बनशंकरीत वरच्या मजल्यावर भाड्याचं घर, खाली घरमालक, चार गल्ल्या पलीकडे शाळा. आसावरी तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. शाळेच्या तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला तर तो रिकामा होता. खाऊन रिकामा नव्हे. घासलेला, पुसलेला, झाकण नीट बसवलेला रिकामा. नागरत्ना मिसनी तो पाहिला आणि त्या म्हणाल्या, "अय्यो, पाप." त्यांनी शेजारच्या वर्गातल्या मिसना बोलावून दाखवला. त्याही म्हणाल्या, "पाप." मग बाकावरच्या मुली एकेक करून वाकून बघून गेल्या आणि तेच म्हणाल्या.

आपलं पाप कोणतं हे आसावरीला लगेच कळलं. नव्या घरात आल्यापासून आई रोज दुपारी भिंतीकडे तोंड करून रडायची आणि आसावरी शेजारी पडून झोपल्याचं सोंग करायची. उठून "काय झालं" असं तिने एकदाही विचारलं नव्हतं. ते तिने मिसना सांगितलं, सगळं, मराठीतून. मिसनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आपल्या डब्यातलं अर्धं चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, तिच्या झाकणात वाढलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या. घरी गेल्यावर आईने विचारलं, डबा खाल्लास का. ती म्हणाली, सगळा संपवला.

पाप या शब्दाचा इथला अर्थ तिला दिवाळीच्या सुमारास कळला. तोवर पाच महिने ती पापी म्हणूनच शाळेत जात होती.

लग्नाच्या पहिल्या वर्षी हे तिने शुभंकरला सांगितलं, पण हसण्यापुरतंच. आईचं रडणं गाळलं. कबुलीत काहीतरी असायला हवं म्हणून तिथे चिक्की घातली. डबा रिकामा का होता, याचं उत्तर तिने मोघम ठेवलं. तेव्हा तिच्याकडून गेलेली वस्तू मुळातच भेसळीची होती, हे ती स्वतःशी मान्य करत असे. पण भेसळीची असली तरी तिची होती.

आसावरी बंगळुरूतच, जयनगरच्या एका प्रयोगशाळेत तापमापक तपासायची. औषधांच्या गोदामांतले, दवाखान्यांतले, दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांचे. कोणतंही यंत्र एका दिवसात चुकत नाही, हे तिला पंचवीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. ते रोज केसभर सरकतं. वर्षभराने वितळत्या बर्फात बुडवावं तर शून्याऐवजी शून्य पूर्णांक चार दाखवतं आणि ते अगदी आत्मविश्वासाने दाखवतं. शुभंकरचंही तसंच झालं होतं. आधी तो "आमच्या आसावरीचं एक आहे" म्हणून सांगायचा. मग "आमच्याकडे एक किस्सा आहे" झालं. मग "एक मुलगा होता." मग त्या मुलाला नागपूर मिळालं आणि नागपूरला कन्नड बाई मिळाल्या. बाईंचं आडनाव आधी गौडा होतं, पुढे देसाई झालं. त्यांचे यजमान रेल्वेत होते आणि हुबळीहून बदलून आले होते, हे एका वाढदिवसाच्या जेवणात कुणीतरी शंका काढल्यावर जागच्या जागी ठरलं.

तो खोटं बोलत नव्हता. तेच तर अवघड होतं. खोटं बोलणाऱ्याला टोकता येतं.

साहेबांसमोर टोकणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या वेळी टोकलं असतं तर पहिल्या वेळी गप्प का होतीस, असा प्रश्न आला असता. सहाव्या वेळेनंतर टोकणं म्हणजे नवऱ्याला एका दमात सहा वेळा खोटा पाडणं. त्यामुळे आसावरी कोशिंबीर वाढत राहिली.

वडील गेल्यावर तिची आई, वासंतीबाई, त्यांच्याकडे राहायला आली. तिला ही गोष्ट फार आवडायची. शुभंकरने ती सांगितली की ती हसायची, आणि हसून झाल्यावर तिला त्याची दया यायची.

"केवढासा जीव, आणि डबा रिकामा," ती म्हणायची. "तुमची आई काय करत होती तेव्हा?"

"आई, मीच खाल्ला होता तो. आधीच्या तासाला."

"तरी. स्वल्प जास्त द्यायचा. वाढतं वय." मग आसावरीकडे बोट करून, "हिचं बघा. हिला शाळेचा काही त्रास झाला नाही. तिसऱ्या दिवशी सगळा डबा संपवून आली."

आसावरी तेव्हा ताटं उचलायला उठायची. आईला तो डबा कधी कळू नये, एवढी एकच गोष्ट तिने आठव्या वर्षापासून सांभाळली होती, आणि शुभंकरची आवृत्ती त्या कामाला सोयीचीच होती. तिचा राग आणि तिची सोय एकाच ठिकाणी राहत होती. त्यामुळे रागाला मोठा आवाज काढता येत नव्हता.

अशी नऊ वर्षं गेली. मग मराठी मंडळाने यंदा स्मरणिका छापण्याऐवजी पॉडकास्ट काढायचं ठरवलं आणि ते काम अश्लेषाकडे दिलं. अश्लेषा सव्वीस वर्षांची, पुण्याची, कोरमंगलात पीजीत राहणारी, मंडळात सगळ्यात उत्साही आणि म्हणून सगळ्यात जास्त कामं गळ्यात पडलेली मुलगी. दर भागात एक जोडपं. प्रत्येकाने शाळेतली एक आठवण सांगायची, आणि स्वतःची एक अशी खोड जी कुणालाच माहीत नाही. फॉर्मवर तिने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: प्रत्येकी एकच, स्वतःचीच.

"स्वतःचीच" हा शब्द आसावरीने दोनदा वाचला.

जेवणाच्या टेबलावरची गोष्ट हवेत विरून जाते. ही राहणार होती. मंडळाच्या चारशे घरांत ती शुभंकरच्या आवाजात, शुभंकरच्या नावावर जाणार होती, आणि त्यानंतर ती आपली आहे असं म्हणायला आसावरीला जागाच उरणार नव्हती. तिने ठरवलं की आधी आपण बोलायचं. आईचं रडणं नको, डबा कुणी भरला तेही नको. चिक्कीच सांगू, पण स्वतःच्या तोंडाने सांगू.

शनिवारी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "उद्या मी आधी बोलेन."

"सरी," शुभंकर फोनमधून डोकं न काढता म्हणाला. बावीस वर्षांत त्याने कन्नडमधून जे तीन-चार शब्द उचलले होते त्यांतला हा सगळ्यात उपयोगी. तो म्हणताना ऐकावं लागत नाही.

पुढचं वाक्यही तिने तयार ठेवलं होतं. पण सरी म्हणजे संमती, असं धरून तिने ते चहाबरोबर गिळलं.

रविवारी अकरा वाजता अश्लेषा स्कूटरवरून आली. तिने खिडक्या लावल्या, पडद्यांवर दोन चादरी टांगल्या, पंखा बंद केला आणि टेबलावर दोन माइक मांडले. वासंतीबाईंना ऐकायला बसायची परवानगी मिळाली, मध्ये बोलायचं नाही या अटीवर.

"मी म्हातारी बाई काय बोलणार," असं म्हणत त्या दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या.

"शुभंकरदादा, जस्ट काहीही बोला. मी लेव्हल बघतेय," अश्लेषा कानावर हेडफोन चढवत म्हणाली.

"काहीही म्हणजे काय?"

"एनीथिंग. सकाळी काय खाल्लं वगैरे."

"सकाळी इडली," शुभंकर म्हणाला. "पण खाण्यावरून आठवलं. मी तिसरीत होतो, नागपूरला."

आसावरीने हात वर केला, पण अश्लेषा यंत्रातल्या हलत्या रेघांकडे बघत होती. रेघा उत्तम हलत होत्या. शुभंकर आज रंगात होता. देसाई बाईंना त्याने जांभळी साडी नेसवली. चिक्कीबरोबर यंदा पहिल्यांदाच आजोबांचा चष्माही आला, जो त्याने विहिरीत टाकला होता. वासंतीबाई पदर तोंडावर धरून हसत होत्या. अश्लेषा रेघा बघायचं विसरली.

चार मिनिटांनी तो थांबला. "आता सुरू करायचं?"

"दादा, झालं," अश्लेषा डोळे पुसत म्हणाली. "मी रेकॉर्ड ऑनच ठेवलं होतं. परत घेतलं तर ही मजा येणार नाही. हाच फायनल. आसावरीताई, आता तुमची."

पंखा बंद असल्यामुळे खोलीत फारच शांत होतं. खालच्या रस्त्यावर भाजीवाला सोप्पू, सोप्पू करत पालेभाजी विकत गेला. अश्लेषाने तो पूर्ण जाईपर्यंत वाट पाहिली आणि मान हलवून खूण केली.

"तीच," आसावरी म्हणाली.

"तीच म्हणजे?"

"आत्ता ऐकलीस ती. ती माझी आहे."

शुभंकर मोठ्याने हसला. त्या हसण्यात राग नव्हता, उलट माया होती. "इतक्या वेळा ऐकलीय ना तिने. आता तिला स्वतःचीच वाटायला लागली."

"त्या बाई देसाई होत्या की गौडा?" आसावरीने विचारलं. ती प्रयोगशाळेत नव्या मुलांना विचारायची तशीच, आवाज न चढवता.

"देसाई. गौडा त्यांचं माहेरचं."

"शाळा मराठी माध्यमाची?"

"मग काय. आमच्या वेळी दुसरी होती कुठे?"

"तिसरीच्या वर्गावर एकच बाई असतात. त्या सगळे विषय शिकवतात. मराठीसुद्धा."

"हो."

"मराठीचा एक शब्द न येता."

"म्हणूनच तर लवकर सोडून गेल्या त्या," शुभंकर म्हणाला.

"वेट," अश्लेषा म्हणाली. तिची इंजिनीअरिंगची डिग्री जागी होताना दिसली. "दादा, पण मग त्यांना घेतलं कुणी?"

"यजमान रेल्वेत होते ना त्यांचे."

"रेल्वे शाळेत बाई नेमत नाही," आसावरी म्हणाली. "बरं, ते राहू दे. चिक्की कुणाच्या कपाटातली?"

"आजोबांच्या."

"तुझे एक आजोबा तुझ्या जन्माआधी गेले. दुसरे भंडाऱ्याला राहायचे आणि तू त्यांना दोनदा भेटलास. हे तूच मला सांगितलंयस." तिने पाण्याचा घोट घेतला. "चिक्की मी घातली. दोन हजार चार साली, तुला सांगताना. तेव्हा काहीतरी हवं होतं म्हणून. चिक्की कधीच नव्हती. आणि डबा कुणी आधीच्या तासाला खाल्लेला नव्हता. तो रिकामाच आला होता."

हे वाक्य सांगायचं नव्हतं. अचूक बोलायच्या भरात ते बाहेर पडलं, आणि पडल्यावर ते टेबलाच्या मधोमध, दोन माइकच्या मध्ये, सगळ्यांना दिसेल असं पडून राहिलं.

"रिकामाच?" अश्लेषा म्हणाली. "पण मग डबा भरला कुणी?"

आसावरीने पाण्याचा पेला पुन्हा उचलला.

"मी," दिवाणावरून आवाज आला.

बोलायचं नाही ही अट मोडल्याबद्दल वासंतीबाईंना काही वाटलेलं दिसलं नाही. त्या पाय खाली सोडून बसल्या होत्या.

"संध्याकाळी घासायला घेतला तर डबा कोरडा," त्या अश्लेषाला सांगू लागल्या, जणू एखादी पाककृती सांगत असावी. "तेलाचा डाग नाही, कण नाही. पोळ्या सकाळपासून ओट्यावर फडक्यात तशाच. मी रिकामाच डबा बंद करून दिला होता पोरीला. आणि ही येऊन सांगते, सगळा संपवला. मी म्हटलं, बरं."

"तुला माहीत होतं," आसावरी म्हणाली.

"डबा मीच घासायची ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलली का नाहीस?"

आसावरीने अडतीस वर्षं एका कोरड्या डब्याची राखण केली होती. पुराव्यावर जिचं पोट चालत होतं, तिला त्या डब्याचा कोरडेपणा हाच पुरावा आहे, हे एकदाही सुचलं नव्हतं. आणि दर वेळी "सगळा डबा संपवून आली" असं म्हणताना आईचा चेहरा कसा असायचा, ते आठवायचा तिने आता प्रयत्न केला. तिला आठवेना. त्या वेळी ती नेहमी दुसरीकडे बघत असायची.

अश्लेषाला एवढं कळलं की काहीतरी झालं, पण काय झालं ते तिच्या फॉर्ममध्ये बसत नव्हतं. तिने घसा साफ केला. "ताई, मग मिसना तुम्ही कबूल काय केलंत? चिक्की नव्हती तर?"

"ते नाही सांगणार."

"ओके. फेअर. मग खोड? ती तरी?"

आसावरीने जिने चढताना पायऱ्या मोजण्याची खोड तयार ठेवली होती. तिच्या सगळ्या खोडींत तीच सांगण्याजोगी होती. पण तिच्याआधी वासंतीबाई बोलल्या.

"तिची खोड मी सांगते. तिला माहीतच नाही ती." त्यांनी माइककडे बघितलं, आसावरीकडे नाही. "ही झोपल्याचं सोंग करते तेव्हा हिच्या उजव्या पायाचा अंगठा हलतो. खरी झोप लागली की थांबतो. हिला वाटतं, डोळे मिटले म्हणजे झालं."

"आजी, किती गोड," अश्लेषा म्हणाली. "लहानपणापासून?"

"लहानपणापासून. बनशंकरीच्या घरात तर रोज दुपारी हलायचा. मी मग तोंड भिंतीकडे करायची."

"म्हणजे तिला झोप लागावी म्हणून?"

"हां. तसंच."

आसावरीने नकळत पाय खुर्चीखाली घेतले. अश्लेषाला हवी ती खोड मिळाली होती आणि ती आनंदात होती. मंडळाच्या चारशे घरांत आता आसावरीचा अंगठा जाणार होता, त्यावर लोक हसणार होते, आणि झोपेच्या सोंगाची ती कबुली नागरत्ना मिसनंतर दुसऱ्यांदा, कुणाला न कळता, दिली गेली होती. या वेळी फक्त ती योग्य कानापर्यंत पोचली होती. आसावरी उठली आणि आईच्या पाण्याचं भांडं भरून तिच्या हाताशी ठेवून आली. आईने ते घेतलं. तहान कुणालाच लागलेली नव्हती.

"म्हणजे ती तुझी आहे," शुभंकर म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची लाज नव्हती. जिन्यात आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"हो," आसावरी म्हणाली.

"पण मला तो डबा दिसतो. ॲल्युमिनियमचा. झाकणावर पोचा होता."

"माझा स्टीलचा होता."

"मग माझी कुठली?"

"दादा, दुसरी कुठलीही चालेल," अश्लेषा घाईने म्हणाली. "छोटीशी. दोन मिनिटांची. मी पहिली ताईंच्या नावावर टाकते, हवं तर ताई परत सांगतील. तुमची वेगळी घेऊ."

शुभंकर विचार करू लागला. आसावरीने त्याला एकवीस वर्षांत कधी असं शोधताना पाहिलं नव्हतं. तो माणसांत उभा राहिला की गोष्टी आपसूक येत. ऑफिसातल्या, शेजाऱ्यांच्या, ट्रेनमध्ये भेटलेल्या कुणाच्या तरी मामाच्या. आता तो ओळीने सगळ्या चाचपत होता, आणि प्रत्येकीच्या आत दुसऱ्याच कुणाचं नाव निघत असावं.

"आमच्या शाळेला मैदान मोठं होतं," तो म्हणाला.

अश्लेषाने मान हलवली. पुढे काही आलं नाही.

"रणजीत माझ्या शेजारी बसायचा. देशकर. तो आता रायपूरला असतो."

"हं. मग?"

"बसायचा."

वासंतीबाई त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलले. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण दोनच अक्षरं होती. यंत्रावरचे आकडे सेकंद मोजत पुढे जात होते.

आसावरीने विचार केला. ही जागा अशीच रिकामी सोडली तर दिवाळीपर्यंत तिच्यात पुन्हा नागरत्ना मिस जाऊन बसतील, नव्या आडनावाने. तिची गोष्ट तिच्याकडे राहायची असेल तर त्याच्याकडे एक असायला हवी होती. हे कारण पुरेसं होतं. दुसरंही एक होतं, की त्या रिकाम्या चेहऱ्याकडे तिला बघवत नव्हतं. पण ते तिने मोजमापात धरलं नाही.

पंचवीस वर्षांत तिने न तपासलेला एकही आकडा कागदावर लिहिला नव्हता.

"माठाची सांग ना," ती म्हणाली.

"कुठली माठाची?"

"सातवीतली. वर्गातल्या माठात पाणी भरायचं काम तुझ्याकडे होतं. एप्रिलमध्ये तो तुझ्या हातून फुटला. तू कुणाला न सांगता घरून प्लॅस्टिकची बादली आणून ठेवलीस, निळी. आठवडाभर सगळा वर्ग गरम पाणी प्यायला, पण कुणी बाईंना तुझं नाव सांगितलं नाही."

त्याच्या शाळेत माठ होता की नळ, हे तिला ठाऊक नव्हतं. नागपूरचा एप्रिल तेवढा तिला खात्रीने ठाऊक होता.

शुभंकर तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली, तशीच राहिली, आणि मग हळूहळू उकलू लागली.

"हां," तो म्हणाला.

आसावरी वाट बघत राहिली.

"हां, पण आठवडा नाही. चांगले पंधरा दिवस. परीक्षा होती ना." तो खुर्चीत सरळ बसला. "आणि रणजीत, अगं, त्याला सगळं माहीत होतं. तो म्हणायचा, शुभ्या, पाण्याला बादलीचा वास येतो. मी म्हणायचो, गप पी."

अश्लेषाने माइक त्याच्याकडे सरकवला. "दादा, थांबा, पहिल्यापासून. लेव्हल ठीक आहे."

शुभंकर पाणी प्यायला, त्याने शर्टाची बाही वर घेतली आणि मग सुरू करण्याआधी क्षणभर आसावरीकडे वळला. बायकोची एखादी साधी चूक चारचौघांत दुरुस्त करावी लागते, तेव्हा नवरे बोलतात तसा तो समजुतीच्या सुरात बोलला.

"आणि बादली निळी नव्हती गं. हिरवी. तू कुठे होतीस तिथे?"